पाच मिनिटांचा हात

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहायच्या. वय ८१. दोन खोल्यांचं घर स्वतःचं. श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यावर यायचे. पुतण्या शहरात असतो, पण माणूस चांगला. दर महिन्याला येऊन किराणा भरून जायचा. आजी स्वयंपाक स्वतः करायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायच्या. अडचण एकच होती. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती. गोळीचं पाकीट फोडता यायचं नाही, डोळ्यांत थेंब घालता यायचे नाहीत, बरणीचं झाकण उघडायचं नाही.

शेजारची मुलगी कॉलेजला जाताना रोज आत डोकवायची. दिवसभराच्या गोळ्या दोन वाट्यांत काढून ठेवायची, डोळ्यांत थेंब घालायची, झाकणं सैल करून द्यायची. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांवर आजींचे उरलेले चोवीस तास चालायचे.

मग त्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. पाच मिनिटांचं काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या चुकत गेल्या, एक दिवस चक्कर आली आणि आजी मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. पुतण्यानं वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे सोय चांगली आहे, नावं ठेवायला जागा नाही. मी भेटायला गेलो तर पहिला प्रश्न, "तुळशीला पाणी कोण घालतं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. आजींना छत होतं, पैसा होता, विचारणारं माणूस होतं. मग घर का सुटलं? याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं, कारण म्हाताऱ्या माणसांना मदत कशी करायची याचा आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक गोष्ट सतत राहून गेलेली आहे.

आधी आलं छत

पुण्यात नवी पेठेत 'निवारा' वृद्धाश्रम आहे, अनेकांना माहीत असेल. त्याची सुरुवात १८६० च्या दशकातली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं अनाथ-पंगू गृह ते हेच. ज्यांचं कुणी नाही, ज्यांना चालता-फिरता येत नाही, अशांसाठी ही जागा होती. त्या काळात रस्त्यावर पडलेल्या माणसाला दोन वेळचं अन्न आणि डोक्यावर छप्पर मिळणं ही फार मोठी गोष्ट होती. ससूनांचे उपकार मान्यच केले पाहिजेत.

पण त्या काळातल्या मदतीच्या कल्पनेत एक अट लपलेली होती. मदत एका इमारतीत आहे. ती हवी तर तुम्ही तुमचं घर सोडून इथे या. इंग्लंडमध्ये तर हे फार कडक होतं. तिथल्या १८३४ च्या कायद्यानं गरिबांसाठी 'वर्कहाउस' नावाच्या इमारतींवर भर दिला. आत गेलं की नवरा-बायकोलाही वेगवेगळ्या भागांत ठेवायचे. जन्मभर एकत्र राहिलेली जोडपी म्हातारपणी तिथे तुटायची. साहजिकच लोक वर्कहाउसच्या नावानं थरथर कापायचे.

आजही आपल्याकडे 'सोय' म्हटलं की पहिला विचार इमारतीचाच येतो. देणगीदार असो की पुढारी, म्हाताऱ्यांसाठी काही करायचं म्हणजे आश्रम बांधायचा. भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, फोटो येतो. म्हातारं माणूस आपल्याच घरात राहावं म्हणून जे करायचं, त्याची कोनशिला बसत नाही.

मग आला पैसा, आणि त्याच्याबरोबर पोस्टमन

आपल्याकडचा दुसरा मोठा आधार सरकारच्या एका वेगळ्याच खात्यातून आला. १८८० मध्ये पोस्टानं मनिऑर्डर सुरू केली. मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. कोकणातली आणि घाटावरची तरुण पोरं गिरणीत लागली आणि घरी राहिले आई-बाप. कोकणाला तर 'मनिऑर्डरवर चालणारा मुलूख' असं नावच पडलं.

आता जरा आठवून बघा, मनिऑर्डर म्हणजे नुसते पैसे नव्हते. पोस्टमन दारात यायचा. नोटा मोजून हातात द्यायचा. सोबतच्या कागदावर मुलानं लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. आजी अंगठा उठवायची आणि म्हणायची, "उलट टपाली लिही बाबा, पाऊस चांगला झालाय, गाय व्यायलीय." पोस्टमन ओसरीवर बसून लिहायचा. आजी आजारी असली तर आधी त्याला कळायचं, मग गावाला.

सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी नोटा मोजताना 'चहापाणी' बाजूला काढलं जायचं, हेही आपल्याला माहीत आहे. पण पैशाबरोबर एक माणूस दारात यायचा, हे खरं. जुन्या पद्धतीची ती मनिऑर्डर २०१५ मध्ये पोस्टानं बंद केली.

मदत घरी पोचवायची, ही गोष्ट सरकारी पातळीवर इंग्लंडनं केली १९०८ मध्ये. वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत मिळू लागले. पैसे मिळायचे गावच्या पोस्टात. वर्कहाउसमध्ये न जाता, स्वतःच्या चुलीपाशी राहून मदत घेता येते, हे अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

भारतात राज्य पातळीवर वृद्धांना पेन्शन पहिल्यांदा दिली उत्तर प्रदेशानं, १९५७ मध्ये. महाराष्ट्रात १९८० मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार योजना आली. केंद्रानं १५ ऑगस्ट १९९५ ला वृद्धापकाळ पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये. २००६-०७ च्या सुमारास त्याचे २०० झाले. ६० ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे, बरं का. राज्यानं मात्र आपली भर वाढवत नेली. २०१९ ला सगळं मिळून १००० झाले, २०२३ पासून १५०० मिळतात.

हे १५०० रुपये किरकोळ समजू नका. ज्या घरात आजीच्या नावावर चार पैसे येतात, त्या घरात आजीला विचारून भाजी आणली जाते. नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येणं हासुद्धा एक प्रकारचा स्वाभिमान आहे.

पण आता पैसे थेट खात्यावर येतात. मधली गळती कमी झाली, हे चांगलंच झालं. फक्त खातं बँकेत आहे, बँक तालुक्याला आहे आणि आजी घरात आहे. आयुष्यभर भांडी घासून आणि शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्यात. मशीनवर अंगठा उमटत नाही. "उद्या या आजी." उद्या म्हणजे परत रिक्षाचे शंभर रुपये. पैसा पोचला, पण तो घेऊन येणारा माणूस वाटेत गळाला.

मग आला कायदा

तिसरा आधार कायद्याचा. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगी फक्त बायको आणि मुलांना मिळायची. आई-वडिलांचं नाव त्यात नव्हतं. ते आलं १९७३ च्या संहितेत, कलम १२५ मध्ये. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्या कल्याणच्याच एका खटल्यात सांगितलं की मुलगी, अगदी लग्न झालेली असली तरी, वडिलांच्या पोटगीला बांधील आहे. 'मुलगी परक्याचं धन' म्हणणाऱ्यांना ही मोठी चपराक होती. आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर मुलीचीही जबाबदारी कायद्यानं मान्य झाली.

२००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा स्वतंत्र कायदा आला. न्यायाधिकरण प्रांतसाहेबांच्या पातळीवर. वकील लागत नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत खर्च मुलांकडून मिळू शकतो. 'सांभाळीन' या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. हा कायदा आपल्या तालुक्यातल्या किती जणांना माहीत आहे, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

पण कायदा पोराकडून पैसे काढू शकतो. रोज सकाळी गोळी काढून द्यायला लावू शकत नाही.

राहून गेला तो हात

आता मूळ मुद्द्यावर येतो. माणूस 'स्वावलंबी' आहे म्हणजे नक्की काय? यावर डॉक्टर लोकांनी फार बारकाईनं काम केलंय.

१९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा कामांची एक मोजपट्टी मांडली. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. त्यांना दिसलं की ही कामं साधारण एका क्रमानं जातात. आंघोळ आधी अवघड होते, जेवणं सगळ्यात शेवटी. लहान मूल ज्या क्रमानं शिकतं, जवळपास त्याच्या उलट.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी या दोघांनी आणखी आठ कामं मांडली. फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घराची आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा व्यवहार. माणूस अंथरुणाला खिळण्याच्या कितीतरी आधी ही कामं निसटायला लागतात. एक एक करून. आणि इथेच थोडासा हात मिळाला तर बाकी सगळं माणूस स्वतः करतो.

आमच्या आजींचं बघा. कॅट्झच्या सहाच्या सहा कामांत त्या पास होत्या. दुसऱ्या यादीतलं एकच काम अडलं होतं, औषधं. तेवढ्यावर घर सुटलं.

म्हणून मला वाटतं, 'स्वावलंबी' आणि 'आधार लागणारा' अशी माणसांची दोन गटांत वाटणी करणंच चूक आहे. चष्मा लावून पेपर वाचणाऱ्याला आपण परावलंबी म्हणतो का? हात मिळाला म्हणून आजी स्वतंत्र होत्या. हात गेला आणि त्या परावलंबी झाल्या. आपण याच्या उलट समजून बसलोय. अजून स्वतःचं स्वतः करतात ना, मग मदत कशाला? आणि जमेनासं झालं की थेट आश्रम.

सरकारच्या मदतीतही हाच खड्डा दिसतो. एसटीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. फार चांगला निर्णय. कितीतरी आजी-आजोबा लेकीकडे, देवाला, दवाखान्यात स्वतःच्या मर्जीनं जायला लागले. लॉटनच्या यादीतलं 'प्रवास' हे काम सरकारनं सोपं केलं. पण तिकीट फुकट झालं तरी एसटीची पायरी तेवढीच उंच आहे. वर चढताना हात द्यायला कुणी असलं तरच ती सवलत खरी.

मग इतकी वर्षं हा हात कुणी दिला? एकत्र कुटुंबानं, असं आपण पटकन म्हणतो. जरा खरं बोलू या. तो हात सुनेचा होता. लेकीचा होता. चाळीतल्या शेजारणीचा होता. विनामोबदला, विनासुट्टी, आणि बऱ्याचदा विनाशब्दही. तो हात कुणी मोजला नाही, म्हणून तो कमी होत गेला तेव्हा कुणाला कळलंही नाही. आज त्या नोकरीला जातात, शहरात जातात, शिकतात. जायलाच पाहिजे. आमच्या शेजारच्या त्या मुलीनं आजींसाठी नोकरी सोडायला हवी होती, असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या मुलाला थांबवून दाखवावं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे १ कोटी ११ लाखांच्या आसपास लोक होते, शंभरात जवळपास दहा. त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्याच गल्लीत मोजून बघा, आकडा कुठे गेलाय ते कळेल.

केरळनं काय केलं

'हे सगळं बोलायला ठीक आहे, जमणार कसं?' असं कुणी कमेंटमध्ये विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आपल्याच देशात जमलंय.

१९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी सहकाऱ्यांबरोबर वेदनाशमनाचं काम सुरू केलं. सुरुवात कॅन्सरच्या रुग्णांपासून झाली. हळूहळू लक्षात आलं की दवाखान्यापर्यंत पोचूच न शकणारे कितीतरी लोक घरात पडून आहेत, आणि त्यांना डॉक्टरइतकीच शेजाऱ्याची गरज आहे. मग २००० च्या आसपास मलप्पुरम भागात शेजार-जाळं उभं राहिलं. गावातल्याच साध्या लोकांना थोडं प्रशिक्षण द्यायचं. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी, कुणीही. आठवड्यातून दोनेक तास द्यायचे. कुणाला औषध आणून दे, कुणाजवळ बस, कुणाच्या घरात तांदूळ आहेत का बघ. पैसा बराचसा गावातल्या छोट्या छोट्या देणग्यांतून. २००८ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरणच केलं, आणि पंचायतीच्या पातळीवर नर्स घरोघरी जायला लागली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. केरळच्या पंचायतींकडे १९९६ च्या लोकनियोजनापासून राज्याच्या योजनेतला मोठा पैसा येतो. आपल्या ग्रामपंचायतीला तेवढी मुभा नाही. त्यामुळे उद्यापासून हुबेहूब तसं होईल, असं कुणी म्हणू नये. पण सुरुवात त्यांच्याकडेही सरकारनं केली नव्हती. धोरण आलं पंधरा वर्षांनी. आधी आले दोन तास देणारे शेजारी.

मग आपण काय मागायचं, काय करायचं?

एक. यादी. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत उभं राहून विचारा, आपल्याकडे एकटे राहणारे किंवा दोघंच राहणारे म्हातारे किती? त्यांचं कोणतं काम अडतंय? नुसती नावं नकोत. 'औषध', 'बाजार', 'बँक', 'आंघोळ' असे रकाने असलेली यादी हवी.

दोन. मोबदला. हे काम आशाताईंच्या गळ्यात मारू नका, त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. गावात बचत गट आहेत. तासाचा दर ठरवून हे काम त्यांच्याकडे दिलं तर म्हाताऱ्यांना हात मिळेल आणि बाईला मिळकत. फुकटची सेवा म्हणून परत बायकांवरच टाकलं तर जुनंच रडगाणं सुरू राहील.

तीन. बँक. २०१७ मध्येच रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना सांगितलंय की सत्तरीपुढच्या आणि अपंग, आजारी ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्या. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमनही २०१८ पासून मशीन घेऊन घरी येऊ शकतो. आपल्या शाखेत जाऊन विचारा. लेखी विचारा. जुना पोस्टमन परत दारात यायला लागेल, यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती?

चार. मोरी. हसू नका. भिंतीला धरायला एक लोखंडी दांडी आणि खाली न घसरणारी फरशी, एवढ्यानं पडणं टळतं. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्या गरजूंना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, चष्मा अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये देण्याची तरतूद आहे. कुणाचा अर्ज राहिलाय का ते विचारा. आणि अडचणीत असलेल्या कुणाही ज्येष्ठासाठी १४५६७ हा मोफत हेल्पलाइन नंबर घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाच. हे सगळं होईपर्यंत तुम्ही-आम्ही. तुमच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर एक तरी दार असेलच. "काही हवं का?" असं मोघम विचारू नका, म्हातारी माणसं "काही नको बाबा" असंच म्हणतात. त्याऐवजी विचारा, "आजी, आजच्या गोळ्या काढून देऊ का?" आणि तुम्ही गाव सोडून जाणार असाल तर जाण्याआधी ती पाच मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन जा.

आम्ही आता गल्लीत सहा जण मिळून वार वाटून घेतलेत. तीन घरं आहेत. मोठं काही नाही. आजींच्या घराची किल्ली पुतण्याकडून मागून घेतलीय. तुळशीला पाणी शनिवारी आणि रविवारी मी घालतो. पुढच्या वेळी भेटायला जाईन तेव्हा निदान त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असेल. त्या परत येतील की नाही, ते त्यांनीच ठरवायचं. मोरीत दांडी मात्र बसवून घेतलीय.

तुमच्या गल्लीत असं कुणी आहे का? तिथे काय सोय केलीत, ते खाली लिहा. नुसतं 'छान पोस्ट' लिहू नका राव, एका दाराचा तरी पत्ता मनात धरून ठेवा.